‘मॅडम, तिला प्रश्नच पडत नाहीत’

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुक्ताची आई आली ती शाळेची सूचना हातात घेऊनच. आठवीतल्या मुलांनी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पासाठी गट करायचे, स्वतःचा प्रश्न निवडायचा आणि पंधरा दिवसांत विज्ञानाच्या सरांना सांगायचा, असं त्यात होतं. आई म्हणाली, “तुम्ही विषय तेवढा द्या मॅडम, बाकीचं आम्ही बघतो. तिला काही सुचतच नाही. प्रश्नच पडत नाहीत तिला.”

सोलापुरात शाळकरी मुलांचं समुपदेशन करायला लागून मला बरीच वर्षं झाली. पावसाळा सुरू झाला की हे वाक्य दर वर्षी कुणा ना कुणाच्या तोंडून येतं. पालक खरंच काळजीत असतात, म्हणून मुक्ताचा अनुभव तिच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

विषय हवा म्हणून आई आली होती, पण बोलता बोलता दुसरंही निघालं. वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून जूनमध्ये हे कुटुंब रत्नागिरीहून सोलापूरला आलं. आजी तिकडेच राहिली. मुक्ता वर्गात बोलत नाही, डबा एकटीच खाते, आणि प्रकल्पाची सूचना आल्यापासून रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. एकदा तिने वर्गात काही विचारलं, तर तिच्या बोलण्याच्या हेलाला मुलं हसली. त्यानंतर तिचा हात वर गेला नाही.

पहिल्या भेटीत मी चूक केली. माझ्याकडे आधीच्या वर्षांच्या विषयांची एक यादी होती. घरातला ओला कचरा, वाया जाणारं पाणी, परिसरातले पक्षी असे वीसेक विषय. तिची भीती कमी होईल असं वाटून मी ती यादी पुढे केली. तिने ती दोनदा वाचली आणि विचारलं, “यातला बरोबर कुठला?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्यापुढे आणखी एक परीक्षाच मांडली होती. मी यादी परत घेतली आणि तिला तसं सांगितलंही. मुलांना मोठ्यांनी “माझं चुकलं” म्हटलेलं ऐकायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

मग तिला एक साधी शंभर पानी वही दिली. आठवडाभर प्रश्न लिहायचाच नाही, फक्त दिसलं, ऐकलं, चाखलं ते रोज एका ओळीत लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. मला दाखवावंसं वाटलं तर दाखवायचं.

पुढच्या बुधवारी तिने वही उघडून माझ्याकडे सरकवली. सात ओळी होत्या. ‘इथे वाऱ्याने दार सारखं आपटतं.’ ‘कडक भाकरी चुरून खातात.’ आणि पाचवी ओळ होती, ‘इथल्या माठातलं पाणी आजीच्या माठापेक्षा गार लागतं.’

“आजीचा माठ कसा आहे?” मी विचारलं.

पहिल्यांदाच ती सलग बोलली. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर असतो, आजी रोज तो आतून हाताने घासते, त्यावर पितळी झाकण आहे, आत वाळ्याची पुरचुंडी असते. त्याला छान वास येतो, पण पाणी इतकं गार होत नाही. आणि इथे तर जास्त उकडतं! बोलताना तिचे डोळे भरून आले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले. आजीची आठवण आणि विज्ञानाचा प्रश्न दोन्ही एकाच ओळीतून आले होते, आणि त्यांना वेगळं करायची घाई मला नव्हती.

मुलांना प्रश्न पडत नाहीत, असं मला तरी कधी आढळलेलं नाही. पडलेला प्रश्न ‘प्रकल्पाचा’ वाटत नाही, इतकंच होतं. आजीच्या माठाबद्दल विचारलं तर मुलं हसतील, सर म्हणतील हे पुस्तकात आहे. पुस्तकात आहेच. माठाच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी लागतात, म्हणजे तेवढ्याने अर्धा किलोहून जास्त पाणी एका अंशाने गार होऊ शकतं. ‘बाष्पीभवनामुळे गारवा निर्माण होतो’ हे वाक्य मुक्ताला पाठ होतं. त्या वाक्याचा आजीच्या माठाशी संबंध तिने कधी जोडला नव्हता.

विज्ञानाच्या सरांशी मी बोलले. त्यांनी एक चांगली गोष्ट केली, उत्तर सांगितलं नाही. मुक्ता आणि तिच्या गटातली दुसरी मुलगी, दोघींना घेऊन बसले आणि ‘का’ने सुरू होणारा तो मोठा प्रश्न लहान करत गेले. “माठ का गार करतो?” यावर मुलगी पुस्तकाकडे धावते. “कोणत्या दिवशी जास्त गार करतो, कोणत्या दिवशी कमी?” असं विचारलं की तिला माठाकडेच जावं लागतं. पालकांनी एवढं एक जमवलं तरी पुष्कळ आहे. प्रश्न असा व्हावा, की ज्याचं उत्तर मोजून मिळेल, घरात असलेल्या वस्तूंनी मोजता येईल आणि आठवड्याभरात काहीतरी दिसू लागेल.

कुंभाराकडून एकाच भट्टीतली तीन लहान मडकी आणली. एक तसंच ठेवलं, एकाला बाहेरून ऑइलपेंट दिला, एकाला ओलं गोणपाट गुंडाळलं. मापून एकसारखं पाणी भरलं. रोज दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने तिन्हींचं आणि खोलीचं तापमान घ्यायचं. पहिला आठवडा वाया गेला, कारण गोणपाटवालं मडकं खिडकीत वाऱ्यावर होतं आणि बाकीची दोन कपाटाआड. फरक गोणपाटाचा की वाऱ्याचा, कुणालाच सांगता येईना. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हे सरांनी फळ्यावर लिहिलं असतं तर ते वहीत उतरलं असतं. आठवडा वाया गेल्यामुळे ते दोघींना कळलं.

याच सुमारास वडील भेटायला आले. लॅपटॉपवर त्यांनी ‘पाणी वाचवा’ या विषयावरचं सोळा स्लाइडचं सादरीकरण तयार केलं होतं. रात्री जागून केलं होतं, आणि मुलगी नव्या गावात मागे पडू नये ही त्यामागची तळमळ मला दिसत होती. “माठ म्हणजे फारच साधं वाटतं हो,” ते म्हणाले. मी त्यांना पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट सांगितली. १९०८ साली बारा वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणाला सांगता येईना, तेव्हा तो ती घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, आणि तिथेच न थांबता पोराला कपाटातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. घरच्यांनी त्या दिवशी “चिमणीत काय बघायचं” असं म्हणून विषय संपवला नाही, हे मला त्या गोष्टीत फार मोलाचं वाटतं. वडील ऐकत राहिले. सादरीकरणाबद्दल पुढे बोलले नाहीत.

सप्टेंबरमध्ये सोलापुरात झडीचे तीन-चार दिवस आले. नंतरच्या भेटीत मुक्ताने वही आणली. तक्ता नीटनेटका होता. साध्या मडक्याच्या रकान्यात २५, २५, २६, २५, २५. पण मधल्या एका आकड्याखाली कागद विरलेला होता, इतका की उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. पेन्सिलीचा जुना वळसा अजून उमटत होता.

“इथे आधी काय होतं?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “२७. माझं चुकलं असणार. रोज २५ येतं. बाबा म्हणाले, एखादा आकडा विचित्र दिसला तर परीक्षक विचारतील, नीट करून घे.”

समुपदेशक म्हणून हा क्षण मला सगळ्यात नाजूक वाटतो. तिने खोटं लिहिलं होतं हे खरं, पण ते भीतीने लिहिलं होतं. तिच्या सगळ्या शाळकरी आयुष्यात खोडरबर चूक सुधारण्यासाठीच वापरलेला, आणि बरोबर उत्तर आधीपासून कुणाकडे तरी असणार हे गृहीत धरलेलं. रागावून काही साधलं नसतं, आणि “असू दे” म्हणून सोडून दिलं असतं तर तिने पुढचाही आकडा खोडला असता. मी विचारलं, “त्या दिवशी खोलीत किती होतं?”

तिने बघितलं. “२८.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

“३२… ३२… ३१.” बोट रकान्यावरून खाली येता येता थांबलं. “म्हणजे त्या दिवशी खोली गार होती, तरी मडकं जास्त गरम? फक्त एकाच अंशाचा फरक?” मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, “त्या दिवशी दिवसभर पाऊस होता. कपडेपण वाळले नव्हते.”

मी काही बोलले नाही. तिचं बोट त्या विरलेल्या जागेवर होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “रत्नागिरीला पावसाळ्यात कपडे कधीच वाळत नाहीत.”

त्या दिवशी दोन नियम ठरले. नोंद पेनने करायची, आणि चुकली तर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल. आणि आकड्याच्या शेजारी त्या दिवशीची हवा लिहायची. सरांनी आणखी दोन थर्मामीटर दिले. एक नुसता, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी. हवा जितकी कोरडी, तितका ओला थर्मामीटर खाली जातो, आणि मडक्यातलं पाणी त्या ओल्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. दमट हवेत आधीच इतकी वाफ असते, की माठातल्या पाण्याची वाफ सावकाश होते. ऑक्टोबरच्या उन्हात कोरडा ३३ आणि ओला २२ दाखवत होता, आणि साधं मडकं २४ पर्यंत उतरलं. ऑइलपेंटचं मडकं खोलीबरोबरच राहिलं, कारण त्याची छिद्रं बुजली होती. गोणपाटवालं साध्यापेक्षा फारसं गार झालं नाही, याचं दोघींना वाईट वाटलं, पण तेही त्यांनी तसंच लिहिलं.

रविवारची पोटदुखी नेमकी कधी थांबली, ते आईला सांगता आलं नाही. डबा दोघी एकत्र खाऊ लागल्या होत्या, कारण मधल्या सुट्टीत मडक्यांत पाणी भरायचं असे. एका प्रकल्पाने सगळं बरं होतं असा माझा दावा नाही. मुक्ताच्या बाबतीत भीतीचं मूळ प्रकल्पातच अडकलेलं होतं. ज्या मुलांचं खाणं-झोप बिघडते, शाळा सुटते, त्यांना वेगळी मदत लागते आणि ती वेळेवर घ्यावी. पण “सुचतच नाही” एवढीच तक्रार असेल, तर यादी आणि तयार मॉडेल बाजूला ठेवून आठवडाभर ती एक ओळीची वही देऊन बघा. आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत असलं, तरी थोडं थांबा. आपल्याला थांबणं जमत नाही, हे मी पालकांमध्ये पाहते आणि स्वतःमध्येही.

शाळेतल्या सादरीकरणात परीक्षकांनी वही चाळली आणि नेमके त्याच पानावर थांबले. मुक्ता म्हणाली, “हे मी खोडलं होतं. खरं २७ होतं. तिथूनच आम्हाला कळलं.” तिचा आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. प्रकल्प पुढे जिल्ह्याला गेला नाही. दोन दिवस ती हिरमुसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती एक मडकं आणि दोन्ही थर्मामीटर मांडीवर घेऊन एसटीने रत्नागिरीला गेली. वडिलांनीच थर्मामीटर जुन्या पंच्यात गुंडाळून दिले होते. भाऊबीजेनंतर आईने व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. कोरडा ३२, ओला २७, मडकं २८. सोलापूरपेक्षा फरक कितीतरी कमी, तिला जुलैपासून वाटत होतं तसाच. दोन दिवसांच्या नोंदी तिच्या अक्षरात होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मामाबरोबर समुद्रावर गेली होती, म्हणून तीनची नोंद वेगळ्या अक्षरात होती. मोठं, थरथरतं, जुन्या वळणाचं. आजीने आधी काहीतरी दुसरं लिहिलं असावं. त्यावर पेनने एकच आडवी रेघ होती, आणि खालचं नीट वाचता येत होतं.