सिंगापूरच्या नाईट रेसची वाट बघताय? मग आधी क्वालीची वाट बघा

प्रश्न असा आहे की यंदा सिंगापूरची नाईट रेस, म्हणजे फॉर्म्युला वनची (एफ-वन) रात्रीची कार रेस, पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं ठरवलंय, पण जो तो सांगतोय की तिथे ओव्हरटेक होत नाहीत, नुसती मिरवणूक असते, मग लोक वर्षभर एवढी वाट कशाची बघतात, आणि समजा जायचंच झालं तर कुठे बसायचं. बसायचं शेवटी सांगतो, ते सोपं आहे. पहिल्या भागाला जरा वेळ लागेल.

मिरवणूक म्हणणारे अगदीच काही तरी बोलतायत असं नाही. २००८ पासून २०२५ पर्यंत तिथे १६ रेस झाल्या (२०२० आणि २०२१ कोविडमध्ये गेल्या) आणि त्यातल्या ११ वेळा जो पोलवर, म्हणजे स्टार्टला सगळ्यात पुढच्या जागेवर, होता तोच जिंकला. उरलेल्या पाच बघा. २०१२ ला हॅमिल्टन पोलवरून निघून पुढे होता, गिअरबॉक्स गेला आणि रेस वेटेलला मिळाली. २०१७ ला पाऊस, स्टार्टलाच वेटेल, वर्स्टापेन आणि रायकोनन एकमेकांत घुसले आणि पाचव्या नंबरवरचा हॅमिल्टन मधल्या मध्ये पुढे. २०१९ ला फेरारीने वेटेलला आधी पिटमध्ये टायर बदलायला बोलावलं, त्या अंडरकटमध्ये (आधी नवे टायर घेऊन पुढे निघायचा डाव) पोलवाला लेक्लेर स्वतःच्याच टीममेटच्या मागे पडला. २०२२ ला ओल्या ट्रॅकवर पेरेझने स्टार्टलाच लेक्लेरला मागे टाकलं, विषय संपला. आणि २००८, म्हणजे पहिलीच रेस, ती अलोन्सो पंधराव्या नंबरवरून जिंकला. कारण त्याचा पिट स्टॉप झाल्या झाल्या त्याचा टीममेट पिके ज्युनियर भिंतीवर आदळला आणि सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू, रांगेत ठेवणारी गाडी) आली, तेव्हा ज्यांचा पिट स्टॉप राहिला होता त्यांचं नुकसान झालं, आणि पुढच्या वर्षी बाहेर आलं की ती धडक मुद्दाम होती, टीमच्याच लोकांनी ठरवून करवलेली. तो निकाल हिशोबात धरायचा नाही म्हटलं तर पाचव्याच्या मागून सुरुवात करून तिथे आजवर कोणी जिंकलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बघायचं काय. माझं म्हणणं नेमकं इथेच सुरू होतं. जिथे पुढे जाता येत नाही तिथे पुढून सुरुवात करण्याची किंमत प्रचंड वाढते, त्यामुळे तिथली क्वाली (क्वालिफाइंग, एका लॅपच्या वेळेवरून स्टार्टचे नंबर ठरवणारी फेरी) म्हणजे अख्ख्या सीझनमधली सगळ्यात भारी गोष्ट आहे असं मला वाटतं, मोनॅको धरून सुद्धा. मोनॅकोत स्पीड कमी आणि लॅप छोटी. इथे जवळपास पाच किलोमीटर, ४.९२७ नक्की सांगायचं तर, १९ वळणं, बहुतेक ठिकाणी बाजूला रनऑफ (चुकलेल्या गाडीसाठी मोकळी जागा) नाहीच, भिंत, आणि ट्रॅक म्हणजे शहरातले रोजचे रस्ते, त्यामुळे ब्रेकिंगला गाडी उड्या मारते. ऑनबोर्ड कॅमेरा लावून एक लॅप बघा. ड्रायव्हरचा हात सरळ असा राहतच नाही. पूर्वी अजून वाईट होतं, २३ वळणं होती, २०२३ ला मागच्या बाजूची चार वळणं काढून तिथे सरळ पट्टा केला, कारण तिथलं फ्लोटिंग प्लॅटफॉर्मचं बांधकाम चाललं होतं. तेव्हापासून पोलची लॅप दीड मिनिटाच्या आसपास असते. २०२५ ला रसेलची १:२९.१५८ होती.

आणि रात्रीचा भाग विसरू नका. ट्रॅकच्या कडेने सुमारे दीड हजार दिवे लावतात आणि उजेड साधारण ३००० लक्स, स्टेडियमच्या लाइटपेक्षा कितीतरी जास्त. ड्रायव्हरला अंधार असा जाणवतच नाही, पण बघणाऱ्याला मागे काळंभोर आकाश आणि पुढे लखलखीत गाडी दिसते, ब्रेक लाल होतात, फ्लोअर घासला की ठिणग्या उडतात. दिवसा त्याच ठिणग्या असतात, दिसत नाहीत एवढंच. बरं, रात्रीचा हट्ट सौंदर्यासाठी नव्हता हां, तिथे रात्रीचे आठ म्हणजे युरोपात दुपार, टीव्ही बघणारे बहुतेक तिकडचे, म्हणून २००८ ला एफ-वनची पहिली नाईट रेस तिथे झाली. त्याची मजेशीर बाजू अशी की टीम्स तिथे जाऊनही युरोपच्या घड्याळावर राहतात, पहाटे झोपतात, दुपारी उठून नाश्ता करतात, हॉटेलच्या खिडक्यांना जाड पडदे.

यंदाचा मुद्दा. रेस ९ ते ११ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि सिंगापूरला पहिल्यांदाच स्प्रिंट वीकेंड आहे, म्हणजे मेन रेसच्या आधी एक छोटी रेस पण. स्प्रिंटला नावं ठेवणारे खूप आहेत, आणि साधारण १०० किलोमीटरची ती छोटी रेस तिथे कंटाळवाणी होईल यावर मीही पैज लावीन, पिट स्टॉपची सक्ती नाही, ओव्हरटेक नाही, पहिल्या वळणानंतर जो जिथे आहे तो तिथेच. पण स्प्रिंटसाठी वेगळी क्वाली असते ना! म्हणजे एरवी एका शनिवारी मिळणारी गोष्ट यंदा शुक्रवारी पण आणि शनिवारी पण. त्यात तीन प्रॅक्टिसच्या जागी एकच प्रॅक्टिस, एक तासाची, ती पण ऊन असताना, म्हणजे ट्रॅक तापलेला, धुळीचा, रबर बसलेलं नाही, आणि त्याच्यावर अंदाज बांधून रात्री थेट स्प्रिंट क्वालीला उतरायचं. एरवी ड्रायव्हर सिंगापूरला काय करतात तर पहिल्या प्रॅक्टिसपासून भिंतीच्या जरा जरा जवळ जात शनिवारपर्यंत अंदाज घेतात. आता तो वेळच नाही. शुक्रवारी कोणाची तरी गाडी भिंतीत जाणार असं समजूनच बसा, आणि ज्याची प्रॅक्टिसमध्ये गेली त्याचा वीकेंड तिथेच निम्मा संपला, कारण गाडी दुरुस्त होईपर्यंत लॅप्स गेल्या. नवशिक्या ड्रायव्हरसाठी तर हे फारच कठीण आहे. उलट स्प्रिंट झाल्यावर मेन क्वालीच्या आधी सेटअप बदलायची परवानगी असते, त्यामुळे शुक्रवारी मागे पडलेली टीम शनिवारी रात्री एकदम वर आली तर चकित होऊ नका.

नवीन नियमांच्या गाड्यांबद्दल पण विचारणार तुम्ही, म्हणून थोडक्यात. डीआरएस (पुढच्याच्या जवळ असलेल्या गाडीचा मागचा विंग उघडून जास्त स्पीड देणारी सोय) गेलं. आता सरळ पट्ट्यावर सगळ्यांचेच विंग उघडतात, आणि पुढच्याच्या एका सेकंदात असाल तर ओव्हरटेक मोडमध्ये जास्तीची इलेक्ट्रिक पॉवर मिळते. गाड्या १० सेंटिमीटरनी अरुंद आणि लांबीलाही कमी झाल्यात, अशा रस्त्यांवर तेवढंही पुष्कळ. शिवाय बॅटरी ब्रेकिंगमध्ये भरते आणि इथे ब्रेकिंगला काही तोटा नाही, त्यामुळे लांब पट्ट्याच्या ट्रॅकवर बॅटरी संपण्याची जी रड असते ती इथे कमी असायला हवी. एवढं सगळं धरूनही, मिरवणूक पूर्ण मोडेल असं मला वाटत नाही.

रविवारची रेस बघताना नजर कुठे ठेवायची ते सांगतो, कारण बहुतेक नवे लोक पहिल्या दोन गाड्यांतली लढाई शोधतात आणि कंटाळतात. पुढचा किती हळू चालवतोय ते बघा. हो, हळू. तो मुद्दाम स्पीड कमी ठेवतो, टायर वाचवतो, आणि मागे दहा-बारा गाड्या एकमेकांना चिकटून राहतात, त्यामुळे कोणी पिटला गेला की बाहेर येताना सरळ ट्रॅफिकमध्ये अडकणार. म्हणून कोणी हलत नाही. मग कोणा एकाला मागे मोकळी जागा दिसते, तो पिटला जातो आणि पाच मिनिटांत सगळा पट बदलतो, २०१९ ला हेच झालं. टीव्हीवर बाजूला जे गॅपचे, म्हणजे गाड्यांमधल्या अंतराचे, आकडे येतात ना, सिंगापूरला खरी रेस तिथे चाललेली असते.

याचा कळस म्हणजे २०२३. त्या वर्षी रेड बुलने २२ पैकी २१ रेस जिंकल्या आणि जी एक सुटली ती ही, दोन्ही गाड्या क्वालीच्या दुसऱ्याच टप्प्यात बाहेर. साईन्झ फेरारीत पुढे, मागे नॉरिस, आणि शेवटी नवे टायर घेऊन रसेल आणि हॅमिल्टन दोन्ही मर्सिडीज धावत आल्या. साईन्झने काय करावं, तर पळून जायच्या ऐवजी नॉरिसला मुद्दाम एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएस मिळेल आणि तो मागच्या मर्सिडीजना रोखून धरेल. प्रतिस्पर्ध्यालाच ढाल केलं! शेवटच्या लॅपला दहाव्या वळणाजवळ नॉरिस भिंतीला जरासा घासला, मागून रसेल त्याच भिंतीला जरा जास्त घासला आणि संपला. पहिल्या चारांत ओव्हरटेक म्हणाल तर शेवटी जवळजवळ शून्य, आणि तरी ती अलीकडच्या काळातली माझ्या मते सर्वात चांगली रेस. ती आधी बघून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये काय शोधायचं ते कळेल. उलट २०२४ नको बघायला, नॉरिस २० सेकंदांनी जिंकला आणि सेफ्टी कारसुद्धा आली नाही, तोपर्यंत तिथल्या प्रत्येक रेसमध्ये एकदा तरी आली होती. अर्थात त्या दिवशी नॉरिस पण दोनदा भिंतीला लागला होता, नशीब म्हणून वाचला.

भिंतीला का लागतात, तर उकाडा. रात्र असली तरी दमटपणा तसाच, कॉकपिटमध्ये तापमान पन्नासच्या वर, अंगात फायरप्रूफ सूट, आणि हे जवळजवळ दोन तास. रेसमध्ये दोन-तीन किलो वजन घामात जातं. २०२५ ला एफआयएने (एफ-वनचे नियम करणारी संघटना) पहिल्यांदाच हीट हॅझर्ड, म्हणजे धोकादायक उकाड्याचा इशारा, जाहीर केला तो इथेच, त्यात ड्रायव्हरला कूलिंग वेस्ट घालायची सोय होती, काहींनी घातला, काहींना तो टोचतो म्हणून नको. चाळिसाव्या लॅपनंतर चुका वाढतात त्या याच्यामुळे. तेव्हा टीव्हीसमोरून उठायचं असेल तर मधल्या वीस लॅप्समध्ये उठा, शेवटच्या वीसमध्ये नाही.

पाऊस आला तर धीर धरा. २०२२ ला स्टार्ट तासाभराने उशिरा झाला, ट्रॅक वाळायला वेळ लागतो कारण ऊनच नाही, आणि मग दोन तासांची मर्यादा लागून ६१ पैकी ५९ लॅप्सच झाल्या. रेकॉर्डिंग लावत असाल तर मागे भरपूर वेळ सोडा. एरवी रेस तिथे रात्री आठच्या सुमारास, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाच. (आणि मध्येच ट्रॅकवर घोरपड दिसली तर चॅनल बदललेलं नाही, ती खरंच येते, २०१६ ला वर्स्टापेनच्या समोर आली होती.)

आता बसायचं. पिटसमोरचा स्टँड महाग आणि मला तरी तेवढा पटत नाही, गाड्या झपकन जातात आणि उरलेला वेळ स्क्रीनच बघता. पहिल्या वळणाचा स्टँड स्टार्टसाठी चांगला. पण पैसे घालायचेच तर सातव्या वळणाजवळचा स्टॅमफर्ड, लांब पट्ट्यानंतरचं जोरदार ब्रेकिंग तिथे आहे आणि जे काही थोडेफार ओव्हरटेक होतात त्यातले बरेच तिथेच. किंवा चौदाव्याजवळचा कॉनॉट, गाड्या अँडरसन पुलावरून, हेअरपिन घेऊन एस्प्लनेडच्या बाजूने येतात आणि तुमच्यासमोर ब्रेक मारतात. पाडांगचा स्टँड गाणीबजावणी पण हवी असेल त्यांच्यासाठी, मोठा स्टेज तिथेच मैदानावर असतो. वॉकअबाऊट (ठरलेली सीट नसलेलं) तिकीट स्वस्त पडतं पण मग कठड्यापाशी जागा धरायला लवकर जावं लागतं आणि चालणं फार, पाय चांगले असतील तरच. तीन दिवसांचं तिकीट घेणं यंदा जास्त फायद्याचं, कारण शुक्रवारी पण खरी स्पर्धा आहे. टॅक्सीच्या नादी लागू नका, रस्ते बंद असतात, सिटी हॉल, एस्प्लनेड किंवा प्रॉमनेड स्टेशनला मेट्रोने उतरा आणि तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय ते आधी बघा, चुकीच्या बाजूला उतरलात तर मध्ये ट्रॅक आडवा येतो आणि लांबून वळसा घालत बसायला लागतं. आणि रेनकोट घ्या, छत्री नको, छत्री उघडली की मागच्या रांगेतले शिव्या घालतात.