बिबड्यांचा धंदा आणि खर्चाची वजावट

ताई, बिबडे (ज्वारीचे पापड) घरीच करता म्हणून आयकरासाठी नफा काढताना सगळं लाईटबिल आणि घरभाडं धंद्यावर टाकू नका. धंद्याला लागते तेवढ्याच जागेचा हिस्सा धरा, तो कसा काढला तेही वहीत लिहा. ज्वारी, पिशव्या, जळगावहून पाठवलेल्या पार्सलचं भाडं मात्र पूर्ण खर्चात येतं. एकाच व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. दादर जातीची ज्वारी घेताना मी तसंच केलं, फार जिवाला लागलं. थेट शेतकऱ्याकडून घेतली असती तर चाललं असतं.

वही जमत नसेल तर अंदाजित नफ्याची सोय आहे: रोख विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. मग वेगळा खर्च दाखवता येत नाही. नफा त्याहून कमी सुटत असेल तर वहीच ठेवा.