मशीन आवडलं, पण दारातून आत जाणारे का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत, जुनं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) घ्यायचंय आणि घरी आणायचंय. लेथ सगळ्यांकडे झालेत वाटतं आता. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून त्यातले चार प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न (कराडहून एक वाचक): नमस्कार काका. टूलरूममधून रिटायर झालोय, बंगल्यामागे १२ बाय १५ ची पत्र्याची शेड टाकलीये, स्टीम इंजिनची छोटी मॉडेल्स करायचा छंद आहे. कोल्हापूरला शिरोलीत एका व्यापाऱ्याकडे दोन मशीनं बघितली, एचएमटीचं एफएन२ व्हर्टिकल आणि एक एम१टीआर. एचएमटी स्वस्तात पडतंय. मुलगा म्हणतो, एकदाच काय ते मोठं घेऊन टाका. काय करू?

उत्तर: मुलाला विचारा, उचलायला तू येणारेस का. चेष्टा नाही करत, एफएन२ दोन टनांच्या पुढचं धूड आहे आणि ते स्वस्त पडतंय त्याचं कारणच ते आहे, छोट्या वर्कशॉपवाल्याला ठेवायला जागा नसते आणि कारखानेवाले व्हीएमसीकडे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनकडे) गेले, म्हणून ती चांगली मशीनं भंगाराच्या भावाच्या थोडीशी वर विकली जातात. मशीन म्हणून त्याला तोड नाही, एचएमटीच्या पिंजोरच्या कारखान्यातलं कास्टिंग आजही हात लावला की कळतं. पण तुम्ही करणार काय, तर तळहाताएवढे सिलिंडर ब्लॉक. त्याला एम१टीआर उत्तम. हे नाव बाजारात सगळ्याच टरेट मिलिंगला, म्हणजे वरचा भाग कॉलमवर फिरवता येणाऱ्या मशीनला, लावतात, कुणी बनवलंय ते वेगळं बघावं लागतं. रचना मूळची अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टची, १९३८ ची, आणि ती इतकी सोयीची निघाली की जगभर तिच्या नकला झाल्या, आपल्याकडेही झाल्या. वजन साधारण टनभर. हेड फिरतं, हेड धरणारा रॅम पुढेमागे होतो, क्विल (स्पिंडल वरखाली करणारी नळी) असल्यामुळे ड्रिलिंगही होतं. एकट्या माणसाला झेपणारं मशीन.

आता बघायचं कसं. पहिली गोष्ट, ताजा हिरवा रंग मारलेलं मशीन दिसलं की मी दोन पावलं मागे जातो. रंग वाईट नसतो हो, पण रंगाखाली काय लपलंय ते शोधायला वेळ जातो. टी-स्लॉटच्या (टेबलावरच्या जॉब पकडायच्या खाचांच्या) कडा तुटून वेल्डिंग करून घासलेल्या असतात, टेबलावर ड्रिलची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली असतात. नखाने खरवडून बघा, लाजायचं नाही.

डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारं घड्याळ) खिशात घेऊन जा, मॅग्नेटिक स्टँडसकट. टेबलाचं हँडल एका बाजूला फिरवत आणा, डायल हलला की थांबा, मग उलटं फिरवा आणि डायल परत हलेपर्यंत हँडलवरचे किती भाग गेले ते मोजा, हा बॅकलॅश. पण एकाच जागी मोजून घरी जाऊ नका, टेबलाच्या मध्यावर मोजा आणि मग पार टोकाला नेऊन मोजा. मध्यावर समजा अर्धा मिलिमीटर आणि टोकाला पॉइंट एक, तर टेबल सरकवणारा स्क्रू मधोमध खाल्लेला आहे कारण सगळं काम आयुष्यभर तिथेच झालंय. व्यापारी म्हणेल नट टाइट केला की होईल. होईल ना, मध्ये बरोबर होईल आणि टोकाला गेलं की जाम! स्लाइडचंही तसंच, गिब (फट भरणारी पट्टी) मध्यावर सेट केला की टोकाला टेबल सरकत नाही, म्हणजे वेज (टेबल ज्यावर सरकतं ते पृष्ठभाग) घासलेत. आता स्क्रूचं रडणं डीआरओ (टेबलाची खरी जागा आकड्यात दाखवणारं मीटर) लावून भागतं, स्केल खरं काय ते सांगतं, पण घासलेल्या वेजवर डीआरओ काही करू शकत नाही, टेबल डोलणार ते डोलणारच. म्हणून मी स्क्रू माफ करतो, वेज नाही.

आणि हँडलवरच्या डायलचे भाग मोजून घ्या हं. एका फेऱ्यात २०० भाग असतील तर बहुतेक करून ते इंचातलं मशीन आहे, म्हणजे एक फेरा २०० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आयुष्यभर मिलिमीटरमध्ये काम केलेल्या माणसाला पहिला महिनाभर शिव्या घालायला लावतं ते.

मग मशीन चालू करायला सांगा. ‘लाइट नाहीये आत्ता’ म्हणाला तर चहा पिऊन या, लाइट येईपर्यंत. प्रत्येक स्पीड टाका, प्रत्येक फीड टाका, शेवटी सगळ्यात वरच्या स्पीडवर वीस मिनिटं चालू ठेवून स्पिंडलच्या नाकाजवळ हात लावा, कोमट झालं तर ठीक, हात ठेववत नसेल किंवा आतून दळण चालल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. क्विल पूर्ण खाली काढून आडवी हलवून बघा. गिअरबॉक्स असलेल्या मशीनला तेलाच्या काचेत डोकावा, तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

राहता राहिलं टूलिंग. स्पिंडलचा टेपर (टूल बसायचं निमुळतं भोक) कोणता ते आधी विचारा, आर८ असेल तर ड्रॉबारचा (टूल वरून ओढून धरणाऱ्या दांड्याचा) धागा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा, आणि कोलेट (कटर पकडायची बुशं) सहज मिळतात. आयएसओ ४० असेल तर एक गंमत आहे, व्हीएमसीचे जुने बीटी४० होल्डर भंगारात किलोवर मिळतात, मागचा पुलस्टड (ओढायची खुंटी) काढला की आत एम१६ चा धागा असतो, टेपर तोच, ड्रॉबार एम१६ चा असला की बसला. व्हाइस, कोलेट, क्लॅम्पिंग सेट, चार एंडमिल असं करत करत मशीनच्या निम्मे पैसे जातात, म्हणून त्याच व्यापाऱ्याकडून व्हाइस सौद्यातच मागा. मागितलं तर देतात, नंतर नाही देत.

प्रश्न (नाशिकहून): सर, अंबड एमआयडीसीतून एम१टीआर घेतलंय, पैसे देऊन झाले. घर जुन्या वस्तीत आहे, गेटपासून शेडपर्यंत साडेतीन फुटांचा बोळ आहे, तीस-बत्तीस फूट लांब, पेव्हर ब्लॉक लावलेत. मित्र म्हणतो छोटा हत्ती करून सहा हमाल लावू. जमेल का?

उत्तर: पैसे आधी देऊन बोळ नंतर मोजणारे तुम्ही एकटे नाही, मीही त्याच पंथातला. माझं पहिलं मिलिंग मशीन हायड्राने (छोट्या क्रेनने) टेम्पोतून उचललं आणि मग लक्षात आलं की गेटवरून वीज कंपनीची तार गेलीये, बूम वर जाऊच शकत नाही. जुलै महिना. मशीन दोन रात्री रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभं, तिसऱ्या दिवशी टेबल नारिंगी. त्यानंतर मी कुणाचंही मशीन बघायला गेलो की आधी त्याच्या घरी जातो.

छोटा हत्ती नाही. त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, मशीन टनभर आणि वजन सगळं वरच्या बाजूला, पहिल्या वळणावरच कळेल. टाटा ४०७ टेम्पो करा. दोन्ही टोकांना हायड्रा लागेल, आणि फोनवर ‘मिलिंग मशीन आहे’ एवढंच सांगू नका, वजन, उंची आणि वर तार-झाड काय आहे ते सांगा. सहा हमालांचं तर बोलूच नका, टनभर ओतीव लोखंड माणसांनी पेलायची वस्तू नाही, ते कलंडायला लागलं की धरायचं नसतं, पळायचं असतं.

उचलण्याआधीची तयारी तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. नी (टेबलाखालचा वरखाली होणारा भाग) खाली, टेबल मध्यावर आणि कॉलमच्या जवळ, रॅम मागे घेऊन लॉक. हेडचे नट थोडेच सैल करून हेड उलटं फिरवायचं म्हणजे मोटर खाली येते, वजनही खाली येतं आणि उंचीही कमी होते. ही उंची महत्त्वाची आहे, मोटर वर असताना मशीन सहज साडेसहा-सात फूट भरतं आणि आपल्याकडचं दार चौकट धरून सात फुटांचं. टरेटचे बोल्ट पान्याने आवळून बघा. बेल्ट रॅमखालून दोन्ही बाजूंनी, टेबलाला बेल्ट नाही, हँडलला दोर नाही, आणि टेबलाखाली पहार घालणारा दिसला तर त्याच्या हातातून काढून घ्या. दोन इंच उचलून थांबवा, सरळ लटकतंय ना बघा, मग पुढे. टेम्पोत बेसखाली जाड लाकडं, बेस लाकडाला बोल्ट करा, कॉलमला चारी बाजूंनी ताण. टेबलावर ग्रीस फासून वर प्लास्टिक, ऋतू कुठलाही असो.

बोळात रोलर. जाड जीआय पाइपचे किंवा भरीव राउंड बारचे पाच तुकडे, तीन मशीनखाली आणि दोन पुढे ठेवायला. पेव्हर ब्लॉकवर थेट रोलर फिरवलेत तर ब्लॉक खचतो आणि मशीन झुकतं, म्हणून आठ-दहा एमएमच्या एमएस प्लेटा अंथरा, दोन असल्या तरी पुरतात, मागची काढून पुढे टाकत राहायची. पहारीने इंच-इंच. उतार असेल तर मागून चेन पुली लावून रोखून धरा. बत्तीस फुटांना तीन तास लागले तर बरोबर चाललंय समजा, अर्ध्या तासात झालं तर कुणीतरी काहीतरी धोकादायक केलंय.

जाता जाता, परराज्यातून, म्हणजे राजकोट किंवा बटाल्याहून आणणाऱ्यांनी पक्कं बिल घ्या, पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, नाहीतर टेम्पो रस्त्यात तपासणीला उभा आणि भाडं चालू.

प्रश्न (ठाण्याहून): घरात सिंगल फेज आहे, मशीनला ३ एचपीची थ्री फेज मोटर. व्हीएफडी (सिंगलचे तीन फेज करणारा ड्राइव्ह) लावला की झालं ना?

उत्तर: झालं, पण मोटरची पाटी वाचा आधी. सिंगल फेजचा व्हीएफडी तीन फेज देतो, पण २३० व्होल्टचे, ४१५ चे नाही. मोटर ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असेल तर टर्मिनल बॉक्स उघडून डेल्टा करून घ्या (स्टार आणि डेल्टा म्हणजे तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती), मग २३० वर ती नीट चालते. बॉक्समध्ये सहा टोकं हवीत, तीनच असली तर वाइंडिंगवाल्याकडून आतली टोकं बाहेर काढून घ्या. पाटीवर ४१५ डेल्टा असेल तर ही युक्ती चालत नाही, मोटर बदला. मशीनचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका, चालू मोटरला तो फिरवलात तर व्हीएफडी जातो, उलट-सुलट व्हीएफडीच्याच बटणाने. इनपुटला फुल लोडवर वीस अँपिअरच्या वर जातात म्हणून सोळा अँपिअरच्या सॉकेटला जोडू नका, वेगळी लाइन ओढा. घरातला आरसीसीबी (लीकेज झालं की लाइन तोडणारा स्विच) कारण नसताना ट्रिप होत राहिला तर व्हीएफडीचा फिल्टर लीकेज देत असतो, त्यावर उपाय इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आरसीसीबी बायपास करणाऱ्याकडून नाही. आणि बाहेरची जॉब घ्यायला लागलात तर घरगुती कनेक्शनवर ते चालतं का ते महावितरणला आधी विचारा, नाहीतर दंडाचं बिल वेगळं येऊ शकतं.

प्रश्न (पुण्याहून): पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये एम१टीआर ठेवता येईल का? बायकोची हरकत नाही.

उत्तर: स्लॅबची आहे. घराचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास धरून डिझाइन करतात, तुमचं मशीन जेमतेम अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर टन ठेवणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खालून बघून कागदावर लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर तिथे पन्नास-साठ किलोचं बेंच मिल ठेवा, आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते पत्रात लिहिलं नाहीये तुम्ही.