किडनी ट्रान्सप्लांटनंतर गोळ्या कधी बंद करता येतात?

बंद नाही करता येत हो, किडनी चालतेय तोवर चालूच. तुम्ही लिहिलंय की बाबांना सख्ख्या आत्याची किडनी बसवलीय, दोन वर्षं झाली, क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, मग कशाला एवढ्या गोळ्या. अहो ते नॉर्मल आहे ते गोळ्यांमुळेच! बहिणीची असली तरी शरीराला ती परकीच, प्रतिकारशक्ती तिच्यावर हल्ला करते आणि या गोळ्या ती दाबून ठेवतात. १९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तिथे अशा औषधांशिवाय भागलं. बाकीच्यांचं नाही भागत. आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू झालं तरी बऱ्याचदा काही दुखत नाही, क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं.

डोस कमी होतो, पण तो डॉक्टर रक्तातली औषधाची लेव्हल बघून करतात. टॅक्रोलिमसची (या गोळ्यांपैकीच एक) लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी गोळी ब्लड दिल्यावरच घ्यायची, आधी घेतली तर रिपोर्ट उगाच जास्त येतो, आणि लॅबवाला सातला येतो सांगून नऊला उगवतो तेव्हा आदल्या रात्रीचा डोस किती वाजता घेतला तेही त्याला सांगा. केमिस्टने परस्पर ब्रँड बदलून दिला तर घेऊ नका. अंग दुखलं म्हणून ब्रुफेन नको, किडनीला त्रास. गणपतीत पपनस येतात बाजारात, तीही नकोत, लेव्हल चढते.

पावसाळ्यात मुंबईत हिंदमाता-सायनच्या तुंबलेल्या पाण्यातून बाबांना अजिबात चालवू नका, लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) त्यांना झेपणार नाही. ताप आला तर क्रोसिन देऊन बघत बसू नका, थेट नेफ्रॉलॉजिस्टला फोन.