शाळेसमोरचा गतिरोधक: ठराव मांडण्याआधी दोन दिवस मोजण्यात घालवा

संतोषबाब, प्रश्न वाचला. शाळेसमोरचा रस्ता दिवाळीनंतर रुंद करून हॉटमिक्सने डांबरी केला, तेव्हापासून तिघे पडले, आणि आता ग्रामसभेत चार गतिरोधकांचा ठराव येणार आहे. तो मांडावा, की तिठ्यावर सिग्नल मागावा, असे तुम्ही विचारता.

ठराव मांडा. पण त्यात 'चार गतिरोधक' न लिहिता 'शाळेसमोर वाहनांचा वेग ताशी ३० किमीच्या आत येईल अशी रचना करावी' असे लिहा. वस्तू मागितली की वस्तू मिळते. ती कशी मिळते हे मला माहीत आहे, कारण तीस वर्षे रस्त्यांच्या कामांवर काढली आणि काही गतिरोधक माझ्याच डोळ्यांदेखत झाले. संध्याकाळी ट्रकच्या तळाला उरलेला माल फावड्याने आडवा ओढायचा, वरून रोलर फिरवायचा, संपले. मोजपट्टी जीपमध्येच पडून.

अशी डांबराची वळकटी हळू जाणाऱ्यालाच शिक्षा करते. वीसच्या वेगाने गेलात तर कंबर मोडते. साठने गेलात तर शॉकअॅब्सॉर्बर धक्का गिळतो आणि गाडी निघून जाते. रोज जाणारा चारचाकीवाला आठवड्यात हे शिकतो. स्कूटरवर मागे बसलेली बाई मात्र उडते. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या चालवून पाहिल्या आणि १९७३ साली निष्कर्ष मांडले. उंचवटा बारा फूट लांब, १० सेंमी उंच आणि वर गोलसर असेल तर आख्खी गाडी त्यावर चढते-उतरते, आणि वेग वाढेल तसा आत बसलेल्याला त्रास वाढतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात हाच आकार आहे: ३.७ मीटर लांबी, १० सेंमी उंची, वरच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर, आणि ओलांडण्याचा वेग ताशी २५ किमी. साधारण एका वॅगन-आरच्या लांबीएवढी जागा. आता तुमच्या गावातल्या एखाद्या गतिरोधकावर फीत लावा. दोन हात भरला तरी पुष्कळ.

वेगाला एवढे महत्त्व का, हे ग्रामसभेत कोणीतरी विचारणारच. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, असे धरा. ३० ने येणारी गाडी साधारण १३ मीटरवर पूर्ण थांबलेली असते. ५० वाला एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जातो. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसऱ्याचा पाय ब्रेकला लागलेलाही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा, की सरासरी वेग ५ टक्क्यांनी उतरला तर प्राणघातक अपघात सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकतात. सरपंचांना टक्केवारीपेक्षा १३ आणि १४ मीटरची गोष्ट लवकर पटेल. शाळेच्या फाटकापासून चुन्याने रेघ मारूनच दाखवा.

मात्र तुमच्या रस्त्यावर वेग किती आहे हे आधी कळायला हवे. 'गाड्या भन्नाट येतात' एवढ्याने कोणी हलत नाही. रडारगन लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर मोजून दोन खुणा करा आणि गाडीला तेवढे अंतर कापायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: सहा सेकंद म्हणजे ३०, तीन सेकंद म्हणजे ६०. शंभर गाड्या घ्या, वेग चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीवा आकडा पाहा, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्याच्या आत असतात तो वेग. जगभर अभियंते प्रामुख्याने हाच पाहतात. रस्त्यावर उभे राहून मोजू नका, वही घेऊन उभा माणूस दिसला की सगळे सभ्य होतात. चहाच्या टपरीच्या बाकावर चहा घेत बसा. आणि फक्त सकाळी पोदेर (पाववाला) फिरतो त्या वेळेचे आकडे आणू नका. शाळा दीडला सुटते, दुकाने जेवणाला बंद होतात, रस्ता ओस पडतो, आणि नेमका तेव्हाच वेग सर्वांत जास्त असतो.

दुसरी वही 'थोडक्यात वाचलो' प्रसंगांची. कचकन ब्रेक, शेवटच्या क्षणी हँडल वळवणे, अर्ध्या रस्त्यातून मागे पळालेले मूल: प्रत्येक वेळी जागा आणि वेळ लिहायची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ही पद्धत काढली, पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ती पक्की झाली. गावाला ती हवीच, कारण केंद्राच्या व्याख्येने 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे अपघातप्रवण जागा ठरायला राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू लागतात. तुमच्या वाड्यावरचा रस्ता त्या यादीत कधी बसणार, आणि तोवर काय करायचे?

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेजवळ आम्ही असेच दोन दिवस बसलो होतो. सगळा गाव वळणावरच्या आंब्याला दोष देत होता, झाड कापायचे पत्रही तयार होते. वहीत अकरा प्रसंग आले, त्यातले नऊ आंब्यापासून दूर, बसथांब्याजवळ. कदंब (गोव्याची सरकारी बस) झेब्राच्या अलीकडे थांबायची, पोरे उतरून बसच्या पुढून धावायची, आणि बसला उजवीकडून मागे टाकणाऱ्या दुचाकीला ती दिसायचीच नाहीत. थांबा झेब्राच्या पलीकडे नेला, त्यामुळे पोरे बसच्या मागून ओलांडू लागली. खर्च एका पत्र्याच्या पाटीचा. आंबा अजून आहे.

तुमच्याकडे बहुधा रुंदी नडते आहे. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की चालकाला तो 'हाण' म्हणतो, मग फलकावर ३० लिहा नाहीतर १३. शाळेसमोर उंच झेब्रा मागा: पादचाऱ्याचा पट्टा पदपथाच्या पातळीवर आणि दोन्ही बाजूंना उतार. सोबत कडेचे पट्टे आत घेऊन रस्ता अरुंद करायला सांगा. ठेकेदार म्हणेल की पावसात पाणी तुंबेल, आणि ते खोटे नाही. उंच पट्टा गटार अडवतो, म्हणून खालून पाइप घालायची अट ठरावातच असू दे. रंग जूनमध्ये धुऊन जातो, तेव्हा पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवण्याचीही.

सिग्नलबद्दल: तिठ्यावर एवढी वर्दळ नसेल तर रात्री कोणी थांबणार नाही, आणि हिरवा पाहून वेग वाढवणारे वेगळेच. तिठ्याच्या मधोमध छोटे वाहतूक वर्तुळ बरे. पणजीचे मोठे दिवजा सर्कल डोळ्यांसमोर आणू नका, इथे लहान, गाडीला वळायलाच लावणारे हवे. चौरस्त्याचेच उदाहरण घ्या: तिथे गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा वेगळे होतात, एकपदरी वर्तुळात ८ ठिकाणी. अमेरिकेत २४ चौक वर्तुळात बदलल्यावर २००० साली झालेल्या अभ्यासात जखमी होण्याचे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. पण सायकल-स्कूटरवाल्याला वर्तुळाचा फायदा चारचाकीइतका होत नाही, आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ सालापासून असला तरी आपल्याकडे जो घुसतो तोच जिंकतो. गोव्यात मरणारे बहुतेक दुचाकीवरचे, म्हणून उंच झेब्रा आधी, वर्तुळ नंतर.

ठरावासोबतच्या पत्राच्या शेवटी एक ओळ नम्रपणे घाला: मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार, ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रस्ता आखणाऱ्या-बांधणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी नको. ती ओळ वाचणारा ती दोनदा वाचतो, एवढे पुरे.

शंभर गाड्यांचे आकडे झाले की इथेच टाका. सोबत रस्त्याची रुंदी, थांबा आणि फाटक यांमधले अंतर, आणि गटार कोणत्या बाजूला आहे तेही. आराखडा मी काढून देतो.