मुक्त बाजार म्हणजे उत्क्रांती आणि सरकारी नियोजन म्हणजे डिझाईन, ही तुलना बरोबर आहे का?

अर्धी बरोबर आहे. उत्क्रांतीत आराखडा काढणारा कोणी नसते, जीव थोडेथोडे वेगळे निपजतात अन् टिकतात त्यांचा वंश पुढं जातो. बाजारातही बरेच जण काहीबाही करून पाहतात, बरेच बुडतात, जमलं त्याची बाकीचे नक्कल करतात.

नियोजन कुठं अडते ते आमच्या विदर्भात कापसानं दाखवलं. 1972 ला एकाधिकार खरेदी योजना आली, खासगी व्यापाऱ्याला विकायची बंदी, सगळा माल सरकारी केंद्रावर अन् भाव मुंबईतून. हेतू वाईट नव्हता, व्यापारी नाडायचे हे खरंच आहे. पण बाहेर भाव चढला की कापूस रातोरात आदिलाबादकडं नाहीतर मध्य प्रदेशात निघायचा आणि बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस आमच्या केंद्रावर यायचा, म्हणजे तोटा दोन्हीकडून सरकारचाच, चुकारे, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे पैसे, रखडायचे ते वेगळं. खासगी जिनिंगवाल्यानं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदारानं, असं केलं असतं तर दोन हंगामात कुलूप लागलं असतं. ही योजना तीसेक वर्षं चालली!

पण म्हणून "निसर्गातही असंच चालते, बाजाराला हात लावू नका" म्हणणारे मला पटत नाहीत बाप्पा. उत्क्रांतीला कोणाचं भलं करायचं नसते. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं वाण, हे माणसाचं डिझाईन, 2002 ला परवानगी मिळाली, 2006 ला अशा विषाचे दोन जीन असलेलं बियाणं आलं, आणि 2017 ला गुलाबी बोंडअळी तेच बीटीचं बोंड पोखरत होती. विष पचवणाऱ्या अळ्या तेवढ्या वाचल्या, त्यांचीच पैदास वाढली. हे लांबवायला बॅगेसोबत नॉन-बीटीची 120 ग्रॅमची पुडी यायची, बांधाच्या कडेनं लावायला, म्हणजे साध्या अळ्याही जगतील अन् विष पचवणाऱ्यांशी त्यांचा संकर होऊन तो गुण पातळ होत राहील. ती लावली किती जणांनी? एकट्यानं लावून एकट्याचा फायदा नव्हता, त्या ओळी अळीनं खाल्ल्या तर नुकसान मात्र त्याचंच. असं काम निव्वळ बाजारावर सोडलं तर होत नाही, तिथं कोणीतरी ठरवून सगळ्यांकडून करून घ्यावं लागते.

अजून एक फरक. अळीला शेजारच्या अळीचं पाहून शिकता येत नाही. शेतकरी शेजाऱ्याची पऱ्हाटी (कापसाचं झाड) पाहून पुढच्या वर्षी वाण बदलतो, म्हणून बाजार डार्विनपेक्षा लामार्कच्या जास्त जवळचा वाटते मला; लामार्क म्हणजे आयुष्यात कमावलेले गुण पुढच्या पिढीला मिळतात असं मानणारा डार्विनच्या आधीचा शास्त्रज्ञ, अन् बाजारही तसाच कमावलेलं थेट पुढं देणारा. फक्त तोवर त्याच्या डोक्यावर कर्ज किती झालं हे त्या तुलनेत कुठंच बसत नाही.