प्रीती ‘केली’, कृपा ‘झाली’

दादरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती काकू दर नाताळला कुलकुल आणि नेवऱ्यांच्या ताटाबरोबर एक कार्ड देतात. यंदाच्या कार्डावर छापलं होतं, ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला’. ताई विचारतात, ‘प्रेम’ हा साधा शब्द असताना ‘प्रीती’ कशाला? त्यांना तो गाण्यातला, लग्नपत्रिकेतला शब्द वाटतो. खाली ‘प्रभूची कृपा आपणांवर असो’ असंही होतं. ती कृपा आणि आपण ‘देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे’ म्हणतो ती कृपा, या एकच का? शिवाय काकूंना उलट कार्ड मराठीतून पाठवायचं आहे, तर त्यात काय लिहावं?

ताई, मी मराठी ख्रिस्ती घरात, भायखळ्याला वाढलो. हे दोन्ही शब्द मी अर्थ कळायच्या आधी ऐकले आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी ‘प्रीती’. ‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ ही सख्खी भावंडं. दोघांचा धातू ‘प्री’: संतुष्ट होणे, संतुष्ट करणे. ‘प्रिय’ त्यातूनच आला. म्हणजे मुळात दोघांत उच्चनीच काही नाही. फरक पडला तो वापरात. गेल्या शंभरेक वर्षांत गाण्यांनी आणि कवितांनी ‘प्रीती’ प्रियकर-प्रेयसीच्या पदरात टाकली. जुन्या मराठीत मात्र ती सगळ्यांची होती. आईची लेकरावर, गुरूची शिष्यावर, राजाची रयतेवर प्रीती असे. त्या जुन्या अर्थाच्या खुणा अजून आपल्या बोलण्यात आहेत. ‘प्रीतिभोजन’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे प्रेमी युगुल येत नाही.

कार्डावरचं वाक्य बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं आहे, तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘आगापे’ या शब्दाचं क्रियापद आहे. प्रेमिकांच्या ओढीसाठी ग्रीकांकडे ‘एरोस’ हा वेगळा शब्द होता आणि तो नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, एकदाही येत नाही. त्यामुळे अनुवादकाला असा मराठी शब्द हवा होता ज्यात ओढीपेक्षा जीव लावणं, दुसऱ्याचं भलं करणं जास्त असेल. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली, आणि १८२६ साली त्यांनी इथेच नवा करार मराठीत छापला. त्या काळच्या कानाला ‘प्रीती’ अगदी योग्य होती. पुढे बाहेरच्या मराठीत शब्द अरुंद झाला, चर्चच्या मराठीत तो रुंदच राहिला. आमच्याकडे ‘विश्वास, आशा, प्रीती’ अशी तिघांची नावं एका दमात घेतात आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ मानतात. नाताळच्या उपासनेनंतर पंगत बसते तिला प्रीतिभोजनच म्हणतात. योगायोग असा, की पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सहभोजनालाही ‘आगापे’ असंच नाव होतं.

पण मला यापेक्षा मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ताई, तुमच्याकडे पूजेला गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा काय म्हणतात ते आठवा. ‘श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थम्’. परमेश्वर प्रसन्न व्हावा म्हणून. तिथे प्रीती हे गंतव्य आहे. माणूस काही करतो, ते देवाच्या प्रीतीकडे जावं म्हणून करतो. कार्डावरच्या वाक्यात शब्द तोच आहे, वाट उलटी आहे. ‘देवाने प्रीती केली.’ कर्ता देव. माणसाने अजून काहीच केलेलं नाही, संकल्पही सोडलेला नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला नाताळ म्हणजे काय असं विचारलंत, तर तो जे सांगू पाहतो ते या एका कर्तृपदात आहे.

आणि ‘केली’ हे क्रियापद पाहा. आपण सहसा ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतो. प्रेम मराठीत ‘असतं’, ‘जडतं’, ‘बसतं’. इथे ते ‘केलं’ आहे, भूतकाळात, एक कृती म्हणून. ग्रीकमधलं क्रियापदही घडून गेलेली कृती सांगणारं आहे, आणि लगेच पुढे ‘दिला’ हे दुसरं क्रियापद तशाच रूपात येतं. प्रीती केली म्हणजे काय केलं? दिला. काय दिलं? एकुलता एक पुत्र. ‘एकुलता एक’ हा घरगुती शब्द इथे वापरणाऱ्या अनुवादकाला माझा नमस्कार. ‘एकमेव’ लिहिलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण काळजात काही हललं नसतं. चाळीत ज्या घरी एकुलता एक मुलगा असतो त्या घराकडे शेजारीपाजारी कसे बघतात, ते सगळं त्या शब्दात येतं.

एक बारीक गोष्ट त्याच वाक्यातली. ‘एवढी प्रीती’ वाचताना आपण माप मोजतो, केवढी मोठी! मूळ ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ ‘अशी, अशा रीतीने’ असा आहे. अशी प्रीती केली, की दिलं. मराठीत ‘एवढी’ रूढ झाली आहे आणि ती मला प्रिय आहे. तरी मनातल्या मनात मी कधीकधी ‘अशी’ म्हणून वाचतो.

आता कृपा. हा शब्द आपण दिवसभर इतका वापरतो, की तो दिसेनासा झाला आहे. चर्चगेटला गाडीतून उतरताना कानावर पडणारं ‘कृपया’ म्हणजे संस्कृतमधली कृपेची तृतीया, ‘कृपेने’. (ज्या चर्चमुळे त्या वेशीला आणि मग स्टेशनला चर्चगेट नाव पडलं, ते फोर्टातलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी खुलं झालं.) पाऊस आला नाही की वर्तमानपत्रात ‘वरुणराजाची अवकृपा’ होते. कृपादृष्टी, कृपाछत्र, आपला कृपाभिलाषी, सगळीकडे कृपा.

मुळाशी गेलं तर ‘कृप्’ धातूत कळवळणं आहे. म्हणूनच ‘कृपण’ हा तिचा भाऊ. आधी त्याचा अर्थ दीनवाणा, कीव यावी असा, मग तो चिकट माणसाला चिकटला. महाभारतातले कृपाचार्य आणि त्यांची बहीण कृपी ही टाकलेली बाळं होती. गवतात पडलेली ती बाळं शंतनू राजाने कृपेने, कळवळून घरी आणली आणि वाढवली, म्हणून त्यांची ही नावं. गवतावरचं बाळ आणि कृपा हे दोन शब्द आपल्या कथेत आधीच शेजारी आहेत. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मला म्हणायचं नाही. महाभारतात कृपा बाळावर होते. बेथलेहेमच्या गोष्टीत गवतावरचं बाळ हीच कृपा आहे.

तुमचा प्रश्न, दोन्ही कृपा एकच का? शब्द एकच. मराठीने त्याचं व्याकरणही एकच ठेवलं आहे. पुण्य आपण ‘कमावतो’, ‘जोडतो’, ‘गाठीला बांधतो’. पुण्य ‘पदरी पडतं’, ते ‘साठवता’ येतं, ‘संपतं’ही. कृपा ‘होते’. ती ‘लाभते’, ‘मिळते’, वरचा ‘करतो’. ‘मी यंदा बरीच कृपा कमावली’ असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर मराठी येत नाही असंच आपण समजू. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.’ धर्मशास्त्राचा हा केवढा मोठा सिद्धान्त! आणि आपली भाषा तो क्रियापदांच्या निवडीत आधीपासून पाळते आहे.

फरक आहे तो जोर कुठे पडतो यात. ‘देवाच्या कृपेने मुलगा पास झाला’ म्हणताना आपल्या मनात अभ्यास अधिक कृपा असा हिशेब असतो. ख्रिस्ती वापरात तो हिशेब नाही. दहावीच्या निकालात ग्रेस मार्क असतात ना, तेही इंग्रजीतला हाच कृपेचा शब्द वापरतात. पण ते दोन-चार गुणांनी अडलेल्याला मिळतात. कोऱ्या उत्तरपत्रिकेला नाही. नाताळची कृपा ही कोऱ्या उत्तरपत्रिकेची गोष्ट आहे. लॅटिनमधल्या त्याच शब्दावरून ‘ग्राटिस’, म्हणजे विनामूल्य, हा शब्द आला. ग्रीकमधला ‘खारिस’ तर आनंदाच्या धातूतला.

हिंदी बायबल इथे ‘अनुग्रह’ म्हणतं. मराठीत तो शब्द अधूनमधून येतो, पण आपल्याकडे ‘अनुग्रह घेतला’ म्हणजे गुरूकडून मंत्र घेतला, असा पक्का अर्थ बसला आहे. कृपाच बरी.

मराठीला कृपेसाठी आणखी एक शब्द होता, आणि तो हरवला असं वाटतं तरी रोज शाळाशाळांतून म्हटला जातो. ‘पसाय’. प्रसादाचं प्राकृत रूप. पसायदान म्हणजे कृपेचं दान. ज्ञानदेव ते मागतात, आणि शेवटी ‘हा होईल दान पसावो’ असं उत्तर मिळतं. मला शाळेत पसायदान पाठ होतं आणि रविवारी चर्चमध्ये ‘देवाचे दान’ ऐकत होतो. दोन्हीकडचं ‘दान’ एकच वाजायचं. मोठेपणी लक्षात आलं, की एकीकडे मागितलेलं आहे, जगासाठी, किती सुंदर मागितलेलं. दुसरीकडे कुणी मागायच्या आधीच देवदूत मेंढपाळांना सांगून मोकळा झालाय. मुंबईतच १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी संतांच्या शब्दकळेत भजनं रचली आणि ती आमच्या चर्चमध्ये गायली जातात, तेव्हा हे दोन्ही आवाज एका गळ्यातून येतात. माझ्यासारख्याला ते घरचंच वाटतं.

आमच्या आजीची एक गोष्ट सांगतो. मे महिन्यात हापूसची पेटी आली की आंबे संपल्यावर ती पेटीतलं सुकं गवत फेकू द्यायची नाही. पिशवीत भरून माळ्यावर ठेवायची. डिसेंबरात तेच गवत येशूजन्माच्या देखाव्यासाठी केलेल्या खोक्याच्या गोठ्यात पसरायचं. त्याला अजून आंब्याचा पुसट वास असायचा. चोवीस तारखेला रात्री ती लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचायची, ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले; कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती’. मी एकदा विचारलं, गव्हाण म्हणजे काय? मुंबईच्या पोराला ती कुठे माहीत? साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकतानाचे फोटो पेपरात येतात, तेवढंच. आजीने तोंडी उत्तर दिलं नाही. त्या सुट्टीत ती मला जोगेश्वरीच्या एका तबेल्यात घेऊन गेली. सिमेंटची लांबट गव्हाण, कडा म्हशींनी मान घासून गुळगुळीत केलेल्या, तळाशी भिजलेली पेंड आणि लाळ. एका म्हशीने ओलं नाक माझ्या हाताला लावलं आणि मी हात मागे घेतला. आजी म्हणाली, ‘इथं ठेवला होता त्याला. बाळंत्यात.’ 

‘कृपा’ शब्दाचा अर्थ मला कोणी विचारला की आधी ती सिमेंटची कड आठवते, धातू नंतर.

वरच्या वचनातल्या ‘तारण’ शब्दाने कुणी अडखळू नये म्हणून एवढंच सांगतो: सोने तारण कर्जातलं तारण आणि हे तारण दोन्ही ‘तारणे’तूनच आले. एक कर्ज देणाऱ्याला तारतं, दुसरं बुडणाऱ्याला. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला, जन्माचा दिवस या अर्थाचा.

आता काकूंचं कार्ड. ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ पुरेसं आहे, पण तुम्हांला त्यांच्या शब्दांत उत्तर द्यायचं असेल तर ‘प्रभूची कृपा व शांती आपल्या घरावर असो’ लिहा. ‘आपल्या कृपेने’ असं काकूंना उद्देशून लिहू नका, कार्डावर कृपा प्रभूचीच राहू दे. ‘प्रीती’ लिहिलीत तर शेवटची वेलांटी दीर्घ काढा. ‘प्रीतिभोजन’ लिहिताना मात्र ती मधली ‘ति’ ऱ्हस्व. आणि काकू पंगतीला बोलावतील तर जा. थोडं आधी जा, म्हणजे गव्हाणीजवळ उभं राहून बघता येईल.